घडी घालणाऱ्याची सही

आमच्याकडं लग्न असो की बारसं, जेवणं उरकून मंडळी भिंतीला टेकली की कुणीतरी म्हणतंच, "अक्का, ती आर्मी-एअरफोर्सची गोष्ट सांग की." मी दोनदा नको म्हणते, तिसऱ्यांदा म्हणत नाही. मग वडिलांचा आवाज काढते, मामाचा आवाज काढते, हवेत कात्री चालवते. लोक हसून डोळे पुसतात. टाळ्यांपाशी गोष्ट संपते. म्हणजे मी ती तिथं संपवते. टाळ्यांच्या पुढं गोष्ट बरीच आहे. पण तिच्यात सांगणारी बाई फार बरी दिसत नाही, म्हणून इतकी वर्षं गाडी मी टाळ्यांवरच थांबवत आले.

आधी माणसं सांगते. आम्ही म्हैसूरचे मराठी शिंपी. आमचे पूर्वज इथं कधी आले, हे ज्याला विचारावं तो आपल्या आजोबांच्या आधीची एक पिढी सांगून मोकळा होतो. घरात आम्ही मराठी बोलतो, असं आमचं मत. पुण्याहून आलेल्या एक पाहुण्या बाई अर्धा तास माझ्याशी बोलल्या आणि निघताना म्हणाल्या, "कानडी गोड आहे हो तुमची, थोडी थोडी कळते." भाषावार राज्यं झाली तेव्हा आमची माणसं कुठल्याच भाषेच्या बाजूला गेली नाहीत, शिलाई मशीन जिथं होतं तिथंच बसून राहिली.

वडील तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये शिंपी होते. सैन्यात सगळे बंदुकाच चालवतात असं लोकांना वाटतं, पण एवढ्या जवानांच्या पँटी आखूड करायला, फिती आणि बिल्ले शिवायला कुणीतरी लागतोच. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, हवाई दलात पॅराशूटच्या घड्या घालायचा. वडील म्हणायचे, शिंप्याचा पोरगा म्हणून तिकडं ढकलला. मामा म्हणायचा, परीक्षा घेऊन निवडला. शत्रूवर दोघांनीही जन्मात एक गोळी झाडली नव्हती. त्यामुळं युद्ध कसं करावं यावर दोघांचीही मतं फार ठाम होती.

दोघं निवृत्त होऊन म्हैसूरला आले. वडिलांनी शाळेचे आणि पोलिसांचे गणवेश शिवायचं दुकान काढलं. मामी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून मामा आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहू लागला. पुढं आई गेली. तेव्हा मी, माझे यजमान आणि लेक वडिलांकडं राहायला आलो. यजमान बेळगोळच्या कारखान्यात, मी विम्याच्या एका कचेरीत टायपिस्ट. घरात दोन म्हातारे सैनिक आणि मी युनो.

रविवारी दोसे झाले, कॉफी झाली, की पुढच्या खोलीतल्या कापडं बेतायच्या टेबलाशी लढाई सुरू व्हायची. वडील खडूनं टेबलावर रेघ ओढायचे.

"ही जमीन. हा माझा जवान. ह्या टेकडीमागं शत्रूचा रणगाडा. आता ह्याला डोक्यावर हेलिकॉप्टर पाहिजे. मागायचं कुणाकडं?"

"आमच्याकडं," मामा म्हणायचा.

"तुम्ही कुठं?"

"तळावर."

"तळ कुठं?"

मामा खिडकीबाहेर कुठंतरी बोट दाखवायचा. "असेल की तिकडं लांब."

"बघ! माझ्या माणसाची कॉलर शत्रूच्या हातात, आणि मी लांबच्या तळावर अर्ज धाडायचा. तिथला साहेब चहा पिऊन सांगणार, आज आमची यंत्रं दुसरीकडं गुंतलीत. सुम्ने, गप बस रे, विंग कमांडर. जे जमिनीसाठी लढतं ते जमिनीवाल्याच्या हाताखाली पाहिजे."

मामा सार्जंट म्हणून निवृत्त झाला होता. 'विंग कमांडर' ही वडिलांनी दिलेली बढती. मामा तिला कधी हरकत घ्यायचा नाही.

"आणि दाजी," तो शांतपणे म्हणायचा, "प्रत्येक जमिनीवाल्याला दोन-दोन वाटून दिलीत, की जिथं खरी लढाई पेटली तिथं दोनच. बाकीची आपापल्या मालकाच्या अंगणात ऊन खात उभी. आकाशाला बांध नसतो. सगळी एका हातात असली तर सगळी एका जागी नेता येतात."

यावर वडील कात्री उचलायचे. कात्री नुसती उचलायची, काही कापायचं नाही. तो त्यांचा मुद्दा असायचा.

"तुझ्या पॅराशूटला कापडाचे तुकडे किती असतात रे?"

"भरपूर."

"मग एक अखंड कापड का नाही घेत? आकाश एक, कापड एक!"

"तसं केलं तर एक भोक पडलं की टरकन या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटेल. शिवण असली की फाटणं शिवणीपाशी थांबतं."

"हाच माझा मुद्दा की!" वडील टेबलावर थाप मारायचे. "तुकडे पाहिजेत. ज्याचा तुकडा त्यानं सांभाळायचा. आणि जोडताना दोन्हीकडं थोडी माया सोडायची, म्हणजे शिवण उसवत नाही. आर्मीनं थोडं कापड जास्त ठेवायचं, एअरफोर्सनं थोडं जास्त ठेवायचं. अगदी रेघेवर कापलं तर शिवणार कुठं?"

यावर मामा: "पण दाजी, तुकडे कितीही असले तरी दोऱ्या सगळ्या एकाच माणसाच्या खांद्याला बांधलेल्या असतात."

त्या दिवशी बरोबरी व्हायची.

कधी तोफेच्या गोळ्यावर जुंपायची. गोळा वर गेला की तो आमच्या हद्दीतून जातो, असं मामाचं म्हणणं. "तोंडातून सुटल्यापासून पडेपर्यंत गोळा माझा," वडील म्हणायचे. "मधे आमचं विमान आलं तर?" "तुम्ही बाजूला व्हायचं. गोळ्याला ब्रेक नसतो." उपग्रहांच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या तेव्हा तर दोघांना नवं कुरणच मिळालं. मामाचं मत सरळ होतं: आकाश हळूहळू विरळ होत जातं, मधे कंपाउंड कुठं आहे? म्हणून वरचं सगळं हवाई दलाचं. वडील म्हणायचे, "हवा संपली की पंख संपले. पंख संपले की तुमचा हक्क संपला. पुढं जे आहे ते सगळ्यांचं. डोंगरावरच्या माझ्या जवानाला पलीकडं काय आहे ते उपग्रहावरून दिसतं. डोळा त्याचा, मग चष्म्याला तुमची परवानगी कशाला?" "आणि चष्मा बिघडला तर, दाजी? सगळ्यांचा चष्मा म्हणजे कुणी पुसायचा?"

नौदलाची बाजू घ्यायला घरात कुणी नव्हतं, म्हणून ते खातं माझ्याकडं होतं. "काय नेव्ही, तुमचं काय म्हणणं?" असं विचारलं की मी कुक्करहळ्ळी तळ्याच्या रक्षणापुरतं बोलायची आणि कॉफीचे लोटे, म्हणजे पेले, उचलायची.

हे असं वर्षानुवर्षं चाललं. मग वडिलांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता. डावा हात थोडा गेला, शब्द कधीकधी मधेच अडकायचे, जिना बंद झाला. पण सर्वांत वाईट म्हणजे कात्री हे दोन हातांचं काम निघालं. उजव्यानं कापताना डाव्यानं कापड धरावं लागतं, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. दुकान बंद झालं. माझे वडील खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांच्या पँटींची लांबी बघत राहायचे.

त्याच वर्षी माजी सैनिकांच्या इथल्या एका संघटनेनं निबंध मागवले. विषय: आकाश आणि अंतराळ यांची जबाबदारी तिन्ही दलांत कशी वाटावी. निबंध आधी धाडायचे नव्हते, सभेत लेखकांनी स्वतः वाचायचे. पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आमच्या टेबलाखाली कुणीतरी लपून ऐकत असणार. दोघांनाही भाग घ्यायचा होता. दोघांनाही निबंध इंग्रजीत पाहिजे होता, कारण अध्यक्ष मोठे निवृत्त अधिकारी होते. आणि लिहून देणार कोण? युनो.

वडिलांचा निबंध अर्ध्या पानात संपला. ते बोलायला बसले आणि मला दिसलं, की त्यांचे सगळे मुद्दे त्यांच्या हातात होते. खडूत, कात्रीत, टेबलावरच्या थापेत. हातच अडल्यावर उरलं काय, तर "जमिनीसाठी जे लढतं ते जमिनीवाल्याचं. लिही. अजून काय... लिही की काहीतरी." ते माझ्याकडं बघत राहिले. शाळेत मी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडं असंच बघायची.

दुसऱ्या दिवशी मी वर मामाकडं गेले. मामानं पेन्सिलीनं मुद्दे काढून ठेवले होते, क्रमांक घालून. आणि शेवटी म्हणाला, "एक गोष्ट आहे. ती कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या मामीलाही नाही. पण इथं ती लागते."

पॅराशूटची घडी लांब टेबलावर घालतात, तो सांगू लागला. एकेक पट्टा सरळ, एकेक दोरी सरळ, घडी सरकू नये म्हणून वर वजनाच्या पिशव्या. पुरी झाली की एक कार्ड असतं, त्यावर घडी घालणाऱ्यानं सही करायची. एकट्यानं. मामा तेव्हा तेवीसचा. एक दिवस एक पायलट विभागात आला. हाताला बँडेज, हातात ते कार्ड. मोठ्यानं विचारलं, "ही सही कुणाची?" सगळे थिजले, कारण हा प्रश्न काहीतरी चुकलं तरच विचारतात. "मला पळावंसं वाटलं," मामा म्हणाला. "खरं सांगतो. पाय लटलट कापत होते. तरी पुढं झालो, म्हटलं, माझी आहे सर." पायलटनं पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात ठेवला. इंजिन बंद पडून त्यानं उडी मारली होती आणि मामाची घडी उघडली होती. "तो काय बोलला ते मी ऐकलंच नाही. माझे पाय अजून कापत होते."

मग मामा निबंधाच्या स्वरात म्हणाला, "लिही: विमान असो की उपग्रह, वापरणारे तीन असू देत. पण 'माझी आहे सर' म्हणणारा एकच पाहिजे. तीन सह्या असल्या की पाय कुणाचेच कापत नाहीत."

मी लिहून घेतलं. जिना उतरताना डोक्यात एकच: इतकी चांगली गोष्ट आपल्या घरात इतकी वर्षं वरच्या खोलीत पडून होती! चांगली गोष्ट दिसली की ती मला जागेवर ठेवता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. आणि खाली वडिलांचं अर्धं पान माझ्या टाइपरायटरला लावलेलं.

मी ती गोष्ट वडिलांच्या निबंधात घातली. शेवट मात्र उलटा केला. "माझ्या ओळखीच्या एका घडी घालणाऱ्याला एकदा विचारलं गेलं, ही सही कुणाची," असं सुरू करून शेवटी लिहिलं, की सहीचा मान घडी घालणाऱ्याला जरूर द्या, पण निर्णय त्याच्या हातात द्या ज्याचा जीव दोऱ्यांना लटकतो. आणि तो जमिनीवर उतरणारा असतो. वडील खूश झाले. "हे तू घातलंस? छान आहे. कुठं मिळालं?" मी म्हटलं, "थोडी फोडणी घातली, अप्पा." त्यांनी पुढं विचारलं नाही. फोडणीतली मोहरी कुठल्या दुकानातली, असं कोण विचारतं?

माझ्या बाजूनं एक सबब होती, ती सांगून टाकते. निबंध वाचणाऱ्यांची यादी नावांच्या क्रमानं लागेल असं मी धरून चालले होते. त्या क्रमात मामा वडिलांच्या आधी येत होता. म्हणजे मामा आपली गोष्ट आधी सांगणार, मग वडील तीच गोष्ट उलटवून त्याला उत्तर देणार, अगदी रविवारसारखं. सभा हसेल, टाळ्या वाजवेल. असा माझा बेत. पण मग मी "माझ्या ओळखीच्या एका" असं का लिहिलं? "माझे मेव्हणे आत्ता म्हणाले त्याप्रमाणे" असं का नाही? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. आहे, पण बरं नाही.

सभा रविवारी सकाळी होती. दोघांनी ब्लेझर घातले होते. मामाचा निळा ब्लेझर वडिलांनीच दहा वर्षांपूर्वी शिवलेला, आत खास मोठा खिसा ठेवून. सूत्रसंचालक उठले आणि म्हणाले, "प्रथेप्रमाणे ज्येष्ठतेच्या क्रमानं. आधी आर्मी."

कुठल्याही संचलनात आधी आर्मी, मग नेव्ही, मग एअरफोर्स, हे मी पाळण्यात असल्यापासून वडिलांच्या तोंडून ऐकत आले होते. "आम्ही पुढं, विंग कमांडर. तुम्ही आमची धूळ खात या." दर सव्वीस जानेवारीला ऐकलं होतं. आणि बेत करताना मला आठवला तो कचेरीतला, नावांच्या क्रमाचा हजेरीपट.

वडील काठी टेकत उभे राहिले. इंग्रजी त्यांना मी कन्नड अक्षरांत लिहून दिलं होतं. ते हळू वाचत होते, एकेक शब्द टाके घालावेत तसा. कार्डापाशी आले. पायलटपाशी आले. कापणाऱ्या पायांपाशी आले तेव्हा त्यांचा आवाज खरंच कापला. आजारानं कापला, पण सभेला ते काय ठाऊक? मी मामाकडं बघितलं नाही. पुढच्या माणसाच्या टकलाकडं बघत राहिले.

टाळ्या थांबेनात. अध्यक्ष उठून उभे राहिले. झटका आल्यापासून पहिल्यांदाच वडिलांची मान ताठ झालेली मला दिसली.

इथं मी गोष्ट संपवते.

पुढचं असं. मामाला बोलावलं. तो ताठ चालत पुढं गेला, कागद उलगडला, त्याच्याकडं बघितलं. मग तो कागद त्यानं टेबलावर ठेवला आणि घडी घातली. सावकाश. कडेला कड लावून, नखानं दाबून, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. ती घडी ब्लेझरच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझे मुद्दे मांडले आहेत. मला वेगळं काही सांगायचं नाही. जय हिंद." आणि जागेवर येऊन बसला.

लोकांना वाटलं विनोद. एअरफोर्सनं आर्मीपुढं हात टेकले! सगळे हसले. मीही हसले. ते हसू अजून मधूनच माझ्या तोंडावर येतं आणि मला उठून पाणी प्यावं लागतं.

"मैदान सोडून पळाला!" रिक्षात वडील सारखं म्हणत होते. "तयारीच करून आला नव्हता बेटा." मामा पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. "होय दाजी," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी दोसे झाले, कॉफी झाली. वडिलांनी उजव्या हातानं खडू उचलला. "काय विंग कमांडर, आज उपग्रह घ्यायचा का?"

"तुमचं बरोबर आहे, दाजी," मामा म्हणाला आणि पेपर उघडला.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. वडिलांना आधी मजा वाटली, मग राग आला, मग ते घाबरले. मला आत बोलावून विचारलं, "हा असा का करतो? तब्येत बरी आहे ना त्याची? तू काही बोललीस का त्याला?"

"नाही, अप्पा."

हे अगदी खरं होतं. मी त्याला काहीच बोलले नव्हते.

मग वडिलांनी माघार घ्यायला सुरुवात केली, त्याला चिडवून मैदानात आणायला. "चल, हल्ल्याची हेलिकॉप्टरं तुझी. घेऊन टाक." मामा म्हणाला, "नको दाजी, तुमच्याकडंच बरी आहेत." पुढच्या आठवड्यात वडिलांनी उपग्रह देऊ केले. त्याच्या पुढं गोळ्याचा अर्धा रस्ता. एका रविवारी तर ते स्वतःच हवाई दलाच्या बाजूनं बोलू लागले, आकाशाला बांध नसतो म्हणून, शब्द शोधत, घाम पुसत. मामा ऐकत होता. डोळे पेपरावर होते, पण पान उलटत नव्हतं. शेवटी म्हणाला, "होय, तेही बरोबर आहे." वडिलांनी खडू ठेवला. त्यानंतर त्यांनी तो उचललेला मी बघितला नाही.

मला तेव्हा सांगता आलं असतं. रोज वाटायचं, आज सांगू. पण त्या सभेत वडिलांना मिळालेलं मानपत्र भिंतीवर होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पायलटची गोष्ट सांगायचे. गोष्ट दर वेळी थोडी वाढायची. त्या बाबतीत मी त्यांचीच लेक. ती त्यांच्या हातून काढून घ्यायची म्हणजे उरलेला हातही काढून घ्यायचा, अशी मी स्वतःची समजूत घालायची. समजूत घालण्यात मी वाकबगार आहे. दीड वर्षानं वडील गेले.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या सकाळी मी मामाची कॉफी घेऊन वर गेले. तो खाटेवर बसला होता. मी लोटा ठेवला, आणि काही न ठरवता बोलून गेले.

"मामा, सभेतली ती गोष्ट... अप्पांच्या निबंधात मी घातली होती. तुझ्या निबंधातून काढून."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "ती मी तुलाच सांगितली होती की. दुसरीकडून कशी जाईल?"

मग त्यानं विचारलं, "दाजींना ठाऊक होतं?"

"नाही. त्यांना वाटलं मी कुठूनतरी आणली."

मामानं कॉफी उचलली होती, ती परत ठेवली.

"अय्यो," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "नक्की ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं, मामा. शपथ."

"मी दीड वर्ष तोच विचार करत होतो," तो म्हणाला. "दाजींनी ठाऊक असून वाचलं, की नसून? विचारणार कसं? असून वाचलं असं निघालं तर आमचं संपलं. नसून वाचलं असं निघालं तर त्यांच्यासमोर तुझी मान खाली. मग भांडू कुठल्या तोंडानं? तोंड उघडलं की तेच बाहेर येईल असं वाटायचं. म्हणून 'तुमचं बरोबर' म्हणायचो." तो खिडकीकडं बघू लागला. "ठाऊक नव्हतं म्हणतेस. मग मी उगाच गप्प बसलो की."

मला वाटत होतं की मी एक गोष्ट चोरली. मामाची. तिथं उभी असताना कळलं की ती तर किरकोळ होती. माझ्या एका वाक्यानं, "अप्पांना ठाऊक नाही" एवढ्यानंच, दोघांचे दीड वर्षाचे रविवार परत आले असते. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. खालच्या खोलीत एक म्हातारा आपली हेलिकॉप्टरं एकेक करून वाटून टाकत होता आणि मी लोटे विसळत होते.

मामा उठला. कपाटातून निळा ब्लेझर काढला, आतल्या खिशातून ती घडी. उलगडली नाही. घडीच्या पाठीवर कोरी जागा होती, तिथं बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"सही कर."

"कशाची?"

"घडी तू घातलीस ना?"

मी सही केली. कचेरीत दिवसाला पन्नास करते, ही मात्र वाकडी आली. त्यानं ती डोळ्यांजवळ धरून बघितली, मान हलवली आणि घडी परत खिशात ठेवली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो माझ्याकडं असा बघत होता, जणू त्या विभागात उभी राहून मी "माझी आहे सर" म्हटलं होतं, आणि पेढे मात्र कुणी आणले नव्हते.

त्या रविवारी तो खाली आला. दोसे झाले, कॉफी झाली. टेबलावर काहीच नव्हतं. कात्री मी गुंडाळून ठेवली होती. बराच वेळ तो रिकाम्या टेबलाकडं बघत राहिला.

"काय नेव्ही," तो म्हणाला. "उपग्रह कुणाचा?"

माझा जीव भांड्यात पडला. मी घाईघाईनं खडू घेतला, रेघ ओढली आणि सुरू केलं. हवा संपली की पंख संपले. पंख संपले की हक्क संपला. डोंगरावरच्या जवानाचा डोळा. चष्म्याला परवानगी कशाला. वडिलांचाच आवाज निघत होता, लग्नात काढते तसा हुबेहूब.

मामानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे दाजींचं झालं," तो म्हणाला. "तुझं काय?"

मी खडू हातात धरून उभी राहिले. तो वाट बघत होता, अगदी खरोखर, आणि त्याची कॉफी निवत चालली होती.